बिस्किटाच्या डब्यातला गोल

माणसाची खरी उंची त्याच्या विजयांवरून नव्हे, तर तो पराभव कसे पेलतो यावरून ठरते. या हिशेबाने आमचा कोच हा मला आयुष्यात भेटलेला सर्वांत उंच माणूस होता. त्याच्या हाताखाली पहिल्या मोसमात आम्ही चौदा सामने खेळलो आणि चौदाही हरलो. पंधरावा सामना समोरचा संघ आलाच नाही म्हणून आम्हाला मिळाला. त्या दिवशी कोच फार अस्वस्थ होता. जिंकल्यावर खेळाडूंशी काय बोलायचं, याची त्याने तयारी केलेली नव्हती.

विषुववृत्ताच्या इतक्या जवळ राहून माणसांनी आइस हॉकी का खेळावी, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. सिंगापूरच्या एका मॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावर, बुटांचं दुकान आणि गणिताचा क्लास यांच्यामध्ये, बर्फाचं एक मैदान होतं. रविवारी सकाळी साडेसहा ते आठ ही वेळ कोणालाच नको असायची, म्हणून ती आमच्या क्लबला मिळायची. मला तिथे नेलं चीफने. चीफ म्हणजे बुकित पंजांगला आमच्याच इमारतीत दोन मजले वर राहणारा, मूळ रत्नागिरीचा मरीन इंजिनिअर. जहाजावर चीफ इंजिनिअर, म्हणून सगळ्यांचाच चीफ. संघात तो गोलकीपर होता.

"वहिनी, वीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली," तो म्हणायचा. "अंगावर काहीही आलं तरी जागा सोडायची नाही, एवढंच येतं मला. इथे तेवढंच लागतं."

मी आंग मो किओ भागातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होते. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा माझा पेशा. तो ऐकून कोचने मला डिफेन्समध्ये उभं केलं आणि माझं नाव 'पुणे' ठेवलं. तो सगळ्यांना गावाच्या नावाने हाक मारायचा. संघात तीन जण मूळ सिंगापूरचेच होते, त्यामुळे "सिंगापूर, पास दे!" अशी हाक आली की तिघेही काठीखालची चकती सोडून एकमेकांकडे बघत राहायचे. आमच्या चौदांपैकी निदान चार पराभव या पद्धतीच्या खात्यावर जातात.

कोच कॅनडाचा. वय पन्नाशीच्या आसपास, खांदे कपाटासारखे, नाक दोनदा दिशा बदललेलं. एके काळी तो व्यावसायिक फॉरवर्ड होता, म्हणजे पुढे घुसून गोल मारण्याचा पगार घेणारा. समोरचे चार दात त्याने कामावर असताना गमावले होते. दोन कॅनडात, एक जर्मनीत, एक जपानमध्ये, असा तो हिशेब द्यायचा. जपानचा दात हॉटेलच्या जिन्यावर गेला होता, हे आम्हाला फार नंतर कळलं. सराव सुरू होण्याआधी तो खोटे दात काढायचा आणि कोपीच्या, म्हणजे तिथल्या कॉफीच्या, रिकाम्या प्लास्टिकच्या कपात ठेवायचा. एका रविवारी सफाईवाल्या आँटीने तो कप कर्तव्यबुद्धीने कचऱ्यात टाकला. मॉलच्या चार कचराकुंड्या उघडेपर्यंत कोचने दातांविनाच सराव घेतला. त्या दिवशी तो काय सांगत होता ते कोणाला काडीचंही कळलं नाही. आमचा सर्वांत चांगला सराव तोच झाला, असं चीफचं आजही मत आहे.

त्याची वाक्यं ठरलेली होती. सगळ्यांत लाडकं वाक्य: "बर्फ खोटं बोलत नाही." कोणी पडलं की हे वाक्य. कोणाचा पास चुकला की हेच. संघाच्या बैठकीत, क्लबच्या पत्रकावर, एकदा तर चीफच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी दाबून धरतानाही हेच.

"बर्फ खोटं बोलत नाही, म्हणजे बाकीचे बोलतात," चीफ मराठीत पुटपुटला. गुडघा त्याचा होता, त्यामुळे त्याला तो अधिकार होता.

सामन्याच्या दिवशी कोचचं सामान कोणी शिवायचं नाही, हा नियम होता. आधी डावा स्केट, मग उजवा. काठीला टेप गुंडाळत असताना बोलायचं नाही. कोणाचा हात चुकून काठीला लागला की सगळी टेप काढून पुन्हा पहिल्यापासून. संघातल्या लोकांना हे वेड वाटायचं. माझी आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली होती, तिला मात्र त्यात काहीच वेगळं वाटलं नाही. सिंगापूरच्या उकाड्यात स्वेटर आणि कानटोपी बरोबर घेऊन ती एकदा सराव बघायला आली, बाकावर बसली, पाच मिनिटं कोचकडे बघितलं आणि मला म्हणाली, "सोवळ्यात आहे गं तो. कशाला शिवता त्याला?"

तेव्हापासून ती त्याच्यासाठी बेसनाचे लाडू पाठवू लागली. लाडवांना दात लागत नाहीत, हा विचारही त्यामागे असावा.

आता त्याच्या कारकिर्दीविषयी. ती चौदा वर्षांची होती, आणि त्यातली बहुतेक वर्षं बसमध्ये गेली होती. लहान गावांच्या लहान लीग, एका गावाहून दुसऱ्या गावाला आठ-आठ तासांचे प्रवास, मग युरोप, मग जपान. त्यानंतर कोचगिरी. जपानहून कोरिया, कोरियाहून हाँगकाँग, हाँगकाँगहून इथे. दर खेपेला थोडं आणखी दक्षिणेला, थोडं आणखी उष्ण हवेत. "बर्फ जसा संपत गेला तसा मी खाली येत गेलो," असं तो म्हणायचा. ही त्याची एकमेव काव्यपंक्ती, आणि ती तो अभिमानाने म्हणायचा.

पण या सगळ्या कारकिर्दीचं शिखर एकच होतं. एकविसाव्या वर्षी त्याला देशातल्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये बोलावणं आलं. तिथे तो सात सामने खेळला आणि त्यात त्याने एक गोल मारला. त्या गोलाची चकती त्याच्याजवळ होती. आइस हॉकीत चेंडू नसतो, उडदाच्या वड्याएवढी काळी रबरी चकती असते. खेळाडूचा पहिला गोल झाला की सोबती ती जाळ्यातून काढून आणतात, तिच्यावर पांढरी टेप लावून तारीख लिहितात आणि ती खेळाडूला देतात. कोचची चकती बिस्किटांच्या निळ्या गोल डब्यात असायची. तसल्या डब्यात आपल्याकडे सुया-दोरे असतात. डबा त्याच्या बॅगेत, आणि बॅग कायम त्याच्या नजरेसमोर.

त्या गोलाची गोष्ट आम्ही सगळ्यांनी बरेचदा ऐकली होती. मी संघात आले तेव्हा तो गोल जाळ्यापासून दहा पावलांवरून मारलेला होता. दोन वर्षांत तो मैदानाच्या मध्यरेषेपर्यंत मागे सरकला. मध्ये येणारे बचावपटू दोनाचे चार झाले.

"थोडं थांबा, वहिनी," चीफ म्हणाला. "अजून वर्षभरात पार्किंगमधून मारेल."

असं हसतखेळत चाललं असतं, पण कोचच्या पासाची, म्हणजे तिथे काम करायच्या परवान्याची, मुदत संपत आली. सिंगापूरमध्ये परदेशी माणसाचं सगळं आयुष्य एका प्लास्टिकच्या कार्डावर उभं असतं, हे तिथे राहिलेल्या कोणालाही सांगायला नको. त्या सुमारास नियम कडक झाले होते. कोचजवळ पदवी नव्हती. त्यामुळे या माणसात असं काय आहे जे इथल्या माणसात नाही, हे कागदावर दाखवणं भाग होतं.

आमच्या क्लबचे अध्यक्ष एअरकंडिशनरचे व्यापारी होते. बर्फाशी त्यांचा एवढाच संबंध. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"डिग्री नाही, नेव्हर माइंड," ते म्हणाले. "बट पेपर मस्ट हॅव, लाह. बिग लीगमध्ये गोल मारलाय ना? तेच वर लिही, मोठ्या अक्षरात. फाइल तू कर. तुम्ही इंडियन लोक फाइल चांगली करता."

हा अपमान होता की गौरव ते मला ठरवता आलं नाही, पण विधान खरं होतं. माझे वडील जिल्हा परिषदेत कारकून होते. कागद नाही म्हणजे ती गोष्ट घडलीच नाही, या श्रद्धेत मी वाढले. माझ्या बारशाची पावतीसुद्धा आमच्या घरी जपून ठेवलेली आहे. मी कामाला लागले. अनुक्रमणिका केली. प्रत्येक दाव्यापुढे परिशिष्ट, प्रत्येक परिशिष्टाला रंगीत चिठ्ठी. जर्मनीच्या क्लबचं पत्र, जपानच्या क्लबचं पत्र आणि त्याचं भाषांतर, कोरियातला करार, कुठल्याशा गावी बर्फाची गाडी, म्हणजे मैदानाचा बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, चालवायच्या दोन आठवड्यांच्या कोर्सचं प्रशस्तिपत्र. जे जे कोचच्या बॅगेच्या तळाशी सापडलं, ते सगळं मी लावलं. फक्त त्या गोलापुढची जागा रिकामी राहिली. त्याला आधार म्हणून डब्यातली चकती होती, पण चकतीला पंच मारून फाइलमध्ये लावता येत नाही.

तेव्हा मी त्या लीगच्या कार्यालयाला ईमेल केला आणि त्या सामन्याच्या गुणपत्रकाची अधिकृत प्रत मागवली.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. यादीत नव्हतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा गोल मोजायला सिंगापुरात कोणीही बसलेलं नव्हतं. एक ओळ लिहून पुढे गेले असते तर कोणी हूं की चूं केलं नसतं. पण फाइलमध्ये एक परिशिष्ट रिकामं आहे या विचाराने मला झोप येईना.

उत्तर चार दिवसांत आलं. फार सौजन्यपूर्ण होतं. गोल झाल्यावर मैदानात त्याच्या नावाची घोषणा झाली होती, असं त्यांनी कळवलं होतं. मात्र जाताना चकती त्याच्याच एका सोबत्याच्या कमरेला चाटून गेली, असं नंतर आढळल्यामुळे दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करून तो गोल त्या सोबत्याच्या नावावर लावण्यात आला. सोबत दुरुस्तीची प्रत, सही-शिक्क्यासह. आमच्या कोचच्या नावासमोर सात सामने आणि शून्य गोल.

मी ती प्रत आधी चीफला दाखवली. त्याने ती दोनदा वाचली.

"झालं तुमचं समाधान?" तो म्हणाला. इतक्या वर्षांत तो माझ्याशी त्या सुरात पहिल्यांदा बोलला.

"मला काय माहीत असं निघेल?"

"माहीत नव्हतं म्हणूनच विचारायचं नव्हतं, वहिनी."

"आता काय करू?"

"गोल मारला असं लिहाल, तर सरकारला खोटं लिहून देताय. नाही लिहाल, तर तो जातोय घरी. करा आता फाइल."

पुढच्या रविवारी सरावानंतर मी कोचला मॉलखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, गाठलं. तो कोपी-ओ कोसोंग, म्हणजे बिनसाखरेची काळी कॉफी, पीत होता, दात जागेवर होते. मी कागद समोर ठेवला. त्याने तो न उचलता लांबूनच वाचला. काय लिहिलंय ते त्याला ठाऊक होतं.

"तुला कोणी सांगितलं होतं हे मागवायला?"

"कोणीच नाही."

"मग?"

"फाइल पूर्ण असावी लागते."

"पुणे," तो म्हणाला, "तुमच्या गावात सगळेच असे असतात?"

मी क्षणभर विचार केला. "बहुतेक."

त्याने कोपी ढवळली. तिच्यात साखर नव्हती, ढवळण्यासारखं काही नव्हतं.

"माझे वडील रेडिओवर ऐकत होते," तो म्हणाला. "नाव ऐकलं आणि तसेच घरच्या चपलांनी बाहेर पडले, बर्फात. सगळ्या गावाला सांगत सुटले. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची बातमी आली तेव्हा मी पुढच्या गावाच्या बसमध्ये होतो. फोन करून सांगणार होतो. मग म्हटलं, पुढच्या सामन्यात एक मारतो आणि मग सांगतो. सात सामन्यांनंतर मला परत पाठवलं. वडील गेले त्याला आता अकरा वर्षं झाली."

"त्यांना कळलंच नाही?"

"त्यांना मी सांगितलं नाही, तर तुम्हाला कशाला सांगू?"

"आणि तो सोबती? चकती मागायला आला नाही?"

"त्याच्या नावावर दोनशेच्या वर गोल होते. कमरेला काहीतरी लागलं, हे त्याला आठवतही नव्हतं."

मग कोपी संपवून उठताना तो म्हणाला, "पास नाही मिळाला तर भावाच्या घरी तळघरात एक खोली आहे. तिथे हीटर आहे, असं तो म्हणतो." मध्यरेषेवरून गोल मारणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य फारच साधं होतं. तळघरातल्या माणसाला कोच म्हणून कोण हाक मारणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

फाइल देण्याच्या चार दिवस आधी दसरा आला. आईने लिटिल इंडियातून झेंडूच्या माळा आणल्या आणि पाटावर घरातली शस्त्रं मांडली. माझा लॅपटॉप, तिची विळी, चीफचा सगळ्यांत मोठा पाना, माझी हॉकीची काठी आणि स्केट्स. स्केट्स धुऊन घेतले का, हे तिने तीनदा विचारलं.

"त्या कोचलाही बोलव," ती म्हणाली. "एकटा आहे. त्याचंही काहीतरी ठेवू."

तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत बिस्किटांचा डबा. काठी आण असं मी सांगितलं होतं. त्याने काठी आणली नव्हती. डबा उघडून त्याने चकती स्वतःच्या हाताने पाटावर ठेवली, माझ्या लॅपटॉपच्या शेजारी.

"हे काय?" आईने विचारलं.

मी काही बोलायच्या आत चीफ म्हणाला, "त्याच्या पहिल्या गोलची चकती आहे, काकू."

"अगंबाई! एकूण किती मारले म्हणे त्याने?"

मी प्रश्न इंग्रजीत सांगितला. कोचने माझ्याकडे बघितलं. चीफ छताकडे बघू लागला.

"सात सामने," कोच म्हणाला. "शून्य गोल."

मी भाषांतर केलं. दोन वाक्यांचं भाषांतर करायला मला बराच वेळ लागला.

"मग ही कुठून आली?"

"त्या दिवशी त्यांनी मला दिली."

"दिली ना?" आई म्हणाली. "मग त्याचीच आहे. त्यात काय?" आणि हळदीकुंकवाची बोटं तिने चकतीवर टेकवली.

ज्या चकतीला आमच्यापैकी कोणी शिवण्याची हिंमत केली नव्हती, तिच्या पांढऱ्या टेपवर कुंकू पसरलं आणि तारीख त्याखाली गेली. तो क्षण हृद्य वगैरे झाला असता, पण पाठोपाठ आईने कोचला चकली दिली आणि पहिल्याच घासाला त्याचे समोरचे चारही दात चकलीबरोबर बाहेर आले. चीफ हसून हसून स्वयंपाकघरात पळाला. कोचने दात धुतले, खिशात ठेवले आणि लाडू मागून घेतला.

जाताना दारात तो म्हणाला, "गोल काढ फाइलमधून." दात खिशात असल्यामुळे मला ते दोनदा विचारावं लागलं, आणि त्याला ते दोनदा म्हणावं लागलं.

मी गोल काढला. लीगचं पत्र लावलं नाही. आता ज्याचा दावाच नव्हता त्याला पुरावा कशाला? 'सात सामने' तेवढे ठेवले. अध्यक्षांनी फाइल चाळली आणि त्यांचा चेहरा पडला.

"गोल कुठे गेला?"

"गोल नाही."

"आयो! नो गोल, हाऊ कॅन? सात मॅच खेळून काय केलं त्याने?"

"चकती मिळवली," मी म्हणाले.

पास नामंजूर झाला. कारण कळवण्याची पद्धत नसावी. सरकारला खोटं लिहून दिलं नाही, याचं समाधान मी आठवडाभर मानून बघितलं, पण ते पुरत नव्हतं. कोचने त्या रविवारी सराव नेहमीसारखा घेतला, फक्त "बर्फ खोटं बोलत नाही" एकदाही म्हणाला नाही. आम्ही पडलो तेव्हा नुसता बघत राहिला. त्यामुळे पडायला मजा येईना.

फाइल मात्र अध्यक्षांच्या टेबलावरच होती. मैदानाचा मॅनेजर भाड्याची बोलणी करायला आला असताना त्याने ती सहज उघडली. तो परिशिष्टांपाशी पोचला, रंगीत चिठ्ठ्या उलटत गेला आणि शेवटच्या चिठ्ठीवर थांबला. त्याचा बर्फाची गाडी चालवणारा माणूस महिनाअखेर निवृत्त होत होता आणि सिंगापूरभर जाहिरात देऊनही त्या कामाचं प्रशस्तिपत्र असलेला माणूस त्याला सापडत नव्हता. सापडणार तरी कुठून?

"धिस वन गॉट स्टॅम्प!" अध्यक्ष मला फोनवर आनंदाने सांगत होते.

तीन आठवड्यांनी कोचला तंत्रज्ञांना देतात तो एस पास मिळाला, 'बर्फ देखभाल तंत्रज्ञ' म्हणून. पुढची चार वर्षं, मैदान बंद पडेपर्यंत, तो रोज त्या गाडीवर ताठ बसून मैदानाला फेऱ्या घालायचा आणि मागे बर्फ आरशासारखा होत जायचा. कुंकू लागलेली चकती त्याने गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवली होती. गाडीचा वेग माणसाच्या चालण्याहून थोडासा जास्त होता.

नेमणूकपत्राची एक प्रत अर्थातच माझ्याजवळ आहे. त्यात हॉकी हा शब्द कुठेही नाही. कामांच्या यादीत शेवटी लिहिलं आहे, 'आणि वेळोवेळी सोपवली जातील ती इतर कामे.' इतर कामे म्हणजे आम्ही.